प्लंबरचा परवाना आणि भाड्याची सही

महापालिकेचा प्लंबर परवाना काढायचा म्हटलं की सगळे विचारतात, कागद कोणते लागतात? अटी प्रत्येक महापालिकेच्या वेगळ्या, त्या पाणीपुरवठा खात्यात जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर नको. खरी भानगड परवाना हातात आल्यावर सुरू होते. कामासाठी फोन कमी, सहीसाठी जास्त. "काम आमचा मिस्त्री करतो, तुम्ही फक्त शिक्का मारा."

मारू नका. मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा आणि महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांचा 1949 चा, दोन्हींत परवानाधारक प्लंबर उगाच नाही. खाली काय गाडलंय, याची हमी त्या सहीत असते.

ड्रेनेजचंच बघा. मिस्त्री संडासाकडून पाइप टाकत रस्त्याकडे येतो. हिशोब उलटा लागतो. आधी पालिकेच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, घ्यायची आणि तिथून मागे यायचं. 100 मिमी पाइपला किमान उतार 57 मीटरला 1 मीटर, 150 मिमीला 100 मीटरला 1 मीटर. म्हणजे 20 मीटर लांबीच्या 100 मिमी लाइनला साधारण 35 सेंटीमीटर खाली जावं लागतं. तेवढी खोली रस्त्यावर मिळत नसेल तर ते खोदाईआधी कळायला हवं, फरशी बसल्यावर नाही. आणि "जागा नाही ना, मग मोठा पाइप टाकू" हा इलाज सरसकट चालत नाही. पाणी थोडं असलं की मोठ्या पाइपात ते पातळ पसरतं, मैला मागेच राहतो.

दुसरी खोड म्हणजे खड्डा डबराने भरणं. विटांचे तुकडे पाइपवर टेकतात, खालची माती दबते, पाइपला पोट सुटतं. त्या पोटात पाणी साचतं आणि वर्षभरात लाइन तुंबते. चेंबरचा तळ सपाट सोडला, अर्धगोल चॅनेल आणि बेंचिंग (चॅनेलच्या दोन्ही बाजूंना त्याच्याकडे उतरता काँक्रीटचा काठ) केलं नाही, तरी तेच.

म्हणून माती लोटण्याआधी चाचणी. स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचा) किंवा काँक्रीट पाइप असेल तर खालचं तोंड बंद करून लाइन भरायची, सगळ्यात उंच टोकावर किमान दीड मीटर उंच पाण्याचा दाब ठेवायचा. दर सेंटीमीटर व्यासाला, दर किलोमीटरला, 10 मिनिटांत 2 लिटर घट चालते. वरच्या 20 मीटर लाइनला ती होते 400 मिली. बाटलीने मोजता येते! तरी कुणी मोजत नाही.

पाण्याची लाइन ड्रेनेजपासून आडवी 3 मीटर दूर हवी. गल्लीत एवढी जागा नसतेच, मग पाण्याच्या पाइपचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापासून अर्धा मीटर वर ठेवा आणि जिथे लाइन ओलांडते तिथे सांधा येऊ देऊ नका. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. पुरवठा बंद झाला की पाइपात ओढ तयार होते आणि गटारातून नेलेला गंजका जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घाण आत खेचतो. गटारातून नेलेल्या कनेक्शनवर सही मागणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

तुंबलेल्या चेंबरसाठी "एक माणूस उतरवा" असंही कुणी म्हणेल. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख केली. जेटिंग मशीनचं (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन साफ करणारं यंत्र) भाडं महाग वाटणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे दोन्ही आकडे लेखी द्या.