३ किलोवॉट गुणिले १२ तास: सोलरच्या त्या मेसेजमधली गफलत

‘छतावर ३ किलोवॉटचं सोलर बसवा. १२ तास ऊन, म्हणजे रोज ३६ युनिट, महिन्याला हजाराच्या वर! बिल शून्य. शिवाय सरकार ३०० युनिट फुकट देतं. लाईट गेली तरी तुमचं घर झगमगत राहणार. १५० एएचची एक बॅटरी जोडली की रात्रभर एसी. फक्त सावध राहा, कंपन्या २१ टक्केच एफिशियन्सीचे पॅनल गळ्यात मारतात.’

हा मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भाचीने पाठवला, मग शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर. आम्ही भुसावळचे. ऊन ही एकच गोष्ट आमच्याकडे मुबलक, त्यामुळे असल्या मेसेजवर चटकन विश्वास बसतो. आमच्या गच्चीवर दोन वर्षांपासून ५४० वॉटचे सहा पॅनल आहेत, म्हणून चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गफलत किलोवॉट आणि युनिटची, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात. शेतीवाल्यांना हे लगेच समजेल. पंप ५ एचपीचा आहे एवढ्यावरून विहिरीतून पाणी किती उपसलं ते कळत नाही, पंप किती वेळ चालला ते विचारावं लागतं. किलोवॉट म्हणजे पंपाची ताकद, युनिट म्हणजे उपसलेलं पाणी. २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, दोन्हींचा गुणाकार. बातम्यांत सर्रास ‘किलोवॉट प्रति तास’ छापून येतं, ते चूक आहे. (हे मी एकदा ग्रुपवर लिहिलं तर मला ‘मास्तर’ नाव पडलं.)

मग ३ गुणिले १२ का चालत नाही? कारण ३ किलोवॉट हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरवर १००० वॉट ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश. सकाळी सातला ऊन असतं, पण तिरपं. तेव्हा सोलरच्या इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) पडद्यावर दोन-तीनशे वॉट दिसले तरी खूप. भर दुपारी ऊन पुरेसं असतं, पण मे महिन्यात सेल ६० अंशांच्या पुढे तापतात आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. वर धूळ. त्यामुळे ऐन वैशाखात दुपारी एक वाजता आमचा आकडा अडीच किलोवॉटच्या आसपास घुटमळतो. तळपतं ऊन आणि तापलेला पॅनल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनलला उजेड हवा असतो, उकाडा नको असतो.

महाराष्ट्रात सगळं धरून १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. म्हणजे ३ किलोवॉटला १२, महिन्याला ३६०. आमच्याकडे चांगल्या दिवशी १४ होतात, जुलैच्या झडीत ४ वरही येतात. ३६ कधीच नाही.

३०० युनिट फुकटचं प्रकरण इथेच सुटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ आहे, म्हणून घोळ होतो. सरकार तुमच्या मीटरमध्ये युनिट टाकत नाही. पहिल्या २ किलोवॉटना किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान तुमच्या बँक खात्यात येतं. युनिट तुमच्याच छतावर तयार व्हायचे असतात. अनुदानासाठी पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले असावे लागतात. कोटेशनवर ती तीन अक्षरं लिहिलेली आहेत का बघा.

बिल शून्य? नेट मीटर दोन आकडे मोजतं: ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यातून, घेतलेलं आणि ग्रिडला दिलेलं. वजाबाकी शून्य आली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्यांना दर मिळतो तो किरकोळ. विकून श्रीमंत व्हायच्या बेताने मोठा प्लँट लावू नका.

आता ‘लाईट गेली तरी’. ही थाप आम्हाला चांगलीच भोवली. आमच्या विक्रेत्याने आईला सांगितलं, ‘सोलर बसतंय, आता लाईट गेल्यावर लागणारा जुना इन्व्हर्टर कशाला?’ आणि आम्ही तो बॅटरीसकट विकला. पहिल्याच मे महिन्यात दुपारी दोनला लाईट गेली. वर सहा पॅनल लखलखताहेत आणि खाली कूलर बंद, बाबा टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन बसलेले. पडद्यावर शून्य. बिघाड काहीच नव्हता. आमच्यासारखा बॅटरीशिवायचा, ग्रिडला जोडलेला ‘ऑन-ग्रिड’ सोलर इन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेजचा आणि ५० हर्ट्झचा हात धरून चालतो. ग्रिड गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद पडणं बंधनकारक आहे. नाही तर तुमच्या छतावरची वीज तारांमध्ये शिरेल आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक लागेल. लाईट गेल्यावरही सोलरची वीज हवी असेल तर हायब्रिड, म्हणजे ग्रिड नसतानाही बॅटरीच्या साथीने चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. खर्च बराच वाढतो.

बॅटरी घेतलीच तर १५० एएच (ॲम्पिअर-तास) म्हणजे किती? १५० गुणिले १२ व्होल्ट, १८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती येतात जेमतेम ०.९ युनिट. दीड टनाचा एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो. रात्रभर सोडा, झोप लागायच्या आत बॅटरी संपेल.

राहिली २१ टक्क्यांची ‘फसवणूक’. आमचा पॅनल सुमारे २.६ चौरस मीटरचा. चाचणीत त्यावर २६०० वॉट ऊन पडतं आणि ५४० वॉट वीज निघते, भागाकार करून बघा, २१ टक्केच येतात. पैसे तुम्ही ५४० वॉटचेच मोजता. टक्केवारीवरून फक्त छतावर जागा किती अडेल ते कळतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दहा मिनिटांनी शेजारच्या देशमुख काकूंचा एकच प्रश्न आला: ‘मग आमचा जुना इन्व्हर्टर विकू का नको?’

नका विकू, काकू.