नीटनेटका चोळामोळा

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. परदेशी राहणाऱ्या भाच्याला मात्र मावशीचा वेळ आता कसा जाणार याची चिंता लागली आणि त्याने एक भले मोठे खोके पाठवून दिले. खोक्यावर चंद्राच्या करड्या जमिनीवर चार पाय फाकवून उभ्या असलेल्या सोनेरी कोळ्यासारखे काहीतरी होते. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ज्यातून चंद्रावर उतरले, ते हे ईगल. खोक्यात त्याची अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची प्रतिकृती असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात आत प्रतिकृती नव्हतीच. राखाडी प्लास्टिकच्या सात चौकटी होत्या, त्यांना द्राक्षांच्या घडासारखे लगडलेले बारीकसारीक तुकडे होते आणि एक माहितीपत्रक होते, ज्यात शब्द जवळजवळ नव्हते आणि बाण अगणित होते.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात सपाट, उजेडाची आणि कोणाचा हक्क नसलेली अशी जागा नाही. त्यामुळे यानाची बांधणी जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला सुरू झाली. दुसऱ्या टोकाला सासूबाईंची वहिवाट होती. तिथे वातींचा कापूस, औषधांचा डबा आणि तांदूळ निवडायचे ताट असे. मधल्या दीड फुटात तिघांची जेवणे होत. सासूबाईंचे वय त्र्याऐंशी असून दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेली आहेत, तरी ‘माझ्या नजरेतून खडा सुटायचा नाही’ असे त्या आजही छातीठोकपणे सांगतात आणि ते खरेही आहे. खड्याविषयी मी आजही त्यांना दोष देत नाही.

पहिला धडा गोंदाने शिकवला. घरातला डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. प्लास्टिकचा हा पातळ गोंद मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून वाळल्या की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. हे वाचायला फार सुंदर आहे, परंतु तोच गोंद बोटाला लागलेला असताना आपण यानाची भिंत धरली, तर भिंतही थोडी विरघळते आणि आपल्या बोटाचे वळसे तिच्यावर कायमचे उमटतात. बत्तीस वर्षे मी इतरांच्या सह्या पडताळून पाहण्याची नोकरी केली. आता ईगलच्या डाव्या बाजूवर माझा डावा अंगठा आहे, एखाद्या जुन्या खरेदीखतावर असावा तसा, स्वच्छ आणि नाकारता न येणारा. तो पॉलिश पेपरने घासून काढण्यात दोन दुपारी गेल्या आणि तरीही उन्हे तिरपी आली की तो दिसतोच.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. या यानाच्या वरच्या भागाला चार कोपऱ्यांवर चार-चार अशी सोळा छोटी इंजिने होती. जिथे हवाच नाही तिथे पंख आणि सुकाणू निरुपयोगी, म्हणून ज्या बाजूला वळायचे तिच्या विरुद्ध बाजूला फुंकर मारायची, असे त्यांचे काम. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात या इंजिनाचे तोंड तीन मिलिमीटर भरते. मी ती सोळाही तोंडे चौकटीवर असतानाच काळपट तपकिरी रंगवून ठेवली होती आणि एकेक करून चिमट्याने बसवत होते. पंधरा बसली. सोळावे उचलताना चिमट्याची पकड किंचित जास्त आवळली गेली, ‘टिक्’ असा आवाज झाला आणि चिमटा रिकामा राहिला.

आमच्या घरात मोझेकची फरशी आहे. ज्या काळात ही इमारत बांधली गेली त्या काळी राखाडी सिमेंटमध्ये काळे, तपकिरी आणि पांढरे खडे पसरून घासून काढण्याची पद्धत होती, आणि त्यातला प्रत्येक दुसरा खडा काळपट तपकिरी व साधारण तीन मिलिमीटरचा असतो, हे मला एकवीस वर्षांत प्रथमच लक्षात आले. मी टॉर्च जमिनीला समांतर धरून, गाल फरशीला टेकवून, खोलीचा एकेक चौरस फूट तपासला. कामाच्या मावशींना दोन दिवस केर काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला बजावले, ‘‘ताई, असं करू नका, लोक काय म्हणतील.’’ मग तीन दिवसांचा केर सुपात घेऊन पाखडला. त्यात एक हरवलेली कर्णफुलाची फिरकी, दोन औषधाच्या गोळ्या आणि एक रुपया निघाला, इंजिन निघाले नाही.

पंधरा इंजिनांचे यान मला चालणार नव्हते. हिशेबात एक रुपया कमी पडला तरी रात्री आठपर्यंत बसून राहिलेली मी बाई आहे. रिफिलचे टोक, बॉलपेनची निब, बुटाच्या नाडीचे टोपण, असे सगळे लावून पाहिले आणि शेवटी रात्री मसाल्याच्या डब्याकडे हात गेला. लवंगेची वरची गोळी काढून टाकली की तिच्या खाली चार पाकळ्यांचे एक छोटे, बाहेर उमललेले तोंड उरते. मूळ नरसाळ्याशी त्याचे साम्य इतके होते की मी क्षणभर गप्पच झाले. पाकळ्या पॉलिश पेपरने सारख्या केल्या, देठ कापला, रंग दिला आणि ते बसवून टाकले. याची वाच्यता मी कोणाकडेही केली नाही.

रंगांचे वेगळेच प्रकरण झाले. मी बोहरी आळीत जाऊन स्प्रेचे डबे मागितले, तेव्हा दुकानदाराने लगेच विचारले, ‘‘गेट आहे का ग्रिल?’’ मी म्हटले, चांद्रयान आहे. त्याने जराही विचलित न होता पुढचा प्रश्न केला, ‘‘लोखंडी?’’ शेवटी काळा आणि रुपेरी असे दोन डबे घेऊन घरी आले आणि गॅलरीत, जुन्या खोक्याचा आडोसा करून, फवारणीला आरंभ केला. महिना जुलैचा होता. डब्यातून वेगाने बाहेर पडणारा द्रावक उडून जाताना पृष्ठभाग एकदम गार होतो, पुण्याच्या पावसाळी हवेतला ओलावा त्या गार रंगावर बसतो आणि काळा रंग वाळता वाळता त्याच्यावर ताकासारखी पांढरट साय धरते. हे कारण मला तिसऱ्या फवारणीनंतर कळले. दरम्यान गॅलरीतल्या दोरीवर ह्यांचा पांढरा लेंगा होता, त्यावर रुपेरी नक्षत्रांचा एक पट्टा उमटला. ‘‘आकाशगंगा का गं ही?’’ एवढेच ह्यांनी विचारले. लेंगा आता घरात घालायचा झाला आहे.

परंतु मला ज्याने खरे छळले ते सोनेरी आवरण. खोक्यावरचे यान पाहून वाटते की खालचा भाग सोन्याने मढवला असावा. प्रत्यक्षात तो कॅप्टॉन नावाचा मधाच्या रंगाचा पातळ पापुद्रा होता आणि त्याच्या मागच्या अंगाला ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर होता. मधातून चांदी पाहिली तर सोने दिसावे, तसला प्रकार. उन्हाच्या आणि थंडीच्या टोकांपासून यानाला वाचवण्यासाठी असे आणि मायलर नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचे मिळून पंचवीसपर्यंत थर एकावर एक घालून कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. बनवणारी कंपनी ग्रमन. वजनाची भीती तिला इतकी की अंतराळवीरांच्या खुर्च्यासुद्धा काढून टाकल्या आणि ते दोघे उभ्यानेच चंद्रावर उतरले. केबिनची भिंत काही ठिकाणी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची होती. मी हा आकडा अठ्ठेचाळीसने भागला आणि कागद बाजूला ठेवला, कारण उत्तर आपण पोळ्या गुंडाळतो त्या फॉइलपेक्षाही पातळ आले.

म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रवासाचे वाहन बाहेरून चक्क बेगडीचे होते. आपण खोट्याला बेगडी म्हणतो. हे तर अक्षरशः बेगडी आणि तरीही शंभर टक्के खरे. मी तुळशीबागेत गेले. गणपतीचा माल नुकताच लागला होता आणि सोनेरी कागदांच्या गुंडाळ्या टांगलेल्या होत्या. ‘‘मखर केवढं आहे?’’ असे विक्रेत्याने विचारले आणि मी सवयीने अचूक उत्तर दिले, ‘‘साडेचौदा सेंटिमीटर.’’ त्याने माझ्याकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे आणि करंगळीकडे पाहिले आणि सर्वांत छोटा तुकडा काढून दिला.

आता मूळ अडचण अशी की चंद्रावरच्या यानाची बेगड गुळगुळीत नव्हती, ती चुरगळलेली होती, आणि तीही निष्काळजीपणाने नव्हे. थर एकमेकांना सपाट चिकटून बसले तर उष्णता एकातून दुसऱ्यात सहज जाते. चुरगळले असतील तर ते जेमतेम टेकतात आणि मधली हवाही बाहेर पडायला वाट राहते. म्हणून ग्रमनच्या कारखान्यात ते पापुद्रे माणसांनी हातांनी मुद्दाम चुरगळले होते. छायाचित्रांमध्ये ती प्रत्येक चुणी दिसते. आणि मी! ज्या बाईचे आयुष्य चादरींच्या, साड्यांच्या आणि माणसांच्या चुण्या काढण्यात गेले, जिच्या घरात रुमालालाही इस्त्री होते, तिच्या हातांना आता नीट चुरगळायचे होते. मी चुरगळत असे आणि ते घडी घालत असत. माझा पहिला कागद उघडला तर पैठणीच्या निऱ्या पडाव्यात तशा समान अंतरावर अकरा रेघा आल्या. दुसऱ्यावर चौकोन आले. डोळे मिटून केलेल्या तिसऱ्यावर, मी देवाशपथ सांगते, जवळजवळ स्वस्तिक उमटले.

तो तिसरा कागद मी वैतागून टेबलावर टाकला आणि चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा सासूबाईंनी मालिका पाहता पाहता तो कचरा समजून मुठीत चुरगळला होता आणि केराच्या टोपलीत टाकला होता. मी तो काढून उलगडला. छायाचित्रातल्यासारखी, नेमकी तशीच, दिशाहीन, नैसर्गिक, चकाकणारी बेगड माझ्या हातात होती.

‘‘आई, अजून असे दहा करून द्याल का?’’ मी विनवले. त्यांनी चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला, कडा जुळवल्या आणि सावकाश, फार काळजीने, एक सुंदर पंखा करून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आले की ही विद्या मागून मिळणारी नाही. मग मी फसवणुकीचा मार्ग धरला. रोज संध्याकाळी साडेसातला मालिका सुरू झाली की कापलेला एक तुकडा त्यांच्या हाताशी ठेवायचा आणि स्वयंपाकघरातून ओरडायचे, ‘‘आई, तो कागद टाकून द्या हं!’’ खलनायिकेचा प्रवेश असेल त्या दिवशीच्या चुण्या विशेष खोल पडत. साडेआठला मी टोपलीतून माल गोळा करीत असे. दहा दिवसांत यानाचा खालचा भाग मढवून झाला.

शेवटी मीच कबूल केले. त्यांना राग आला नाही, उलट १९६९ मधली आठवण निघाली. तेव्हा त्या नारायण पेठेतल्या वाड्यात राहत. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवले तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती आणि साडेआठला चार मिनिटे कमी होती. ‘‘सगळा वाडा रेडिओपाशी जमला होता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि नळावर चिटपाखरू नव्हतं. मी आपल्या चारही बादल्या नि पिंपसुद्धा भरून घेतलं. तसं पाणी परत कधी मिळालं नाही बाई.’’

पायांखालच्या लांब काड्या लावण्याचे काम मात्र झटपट झाले. या काड्यांचा जमिनीला स्पर्श झाला की केबिनमध्ये निळा दिवा लागायचा. त्या मूळच्या १.७ मीटर, म्हणजे माझ्याकडे साडेतीन सेंटिमीटर. माहितीपत्रकात चार काड्या होत्या. छायाचित्रांत अपोलो ११ च्या शिडीच्या पायाला काडी नाही असे दिसले, म्हणून लावलेली एक काढली, ती काढताना उरलेल्या तीन मोडल्या, आणि त्या जागी खराट्याचे हीर तासून बसवले.

यान तयार झाल्याची बातमी कशी कोण जाणे, इमारतभर पसरली. पहिले येणारे बहुतेक जण ‘‘वा, चंद्रयान!’’ म्हणाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या आपल्या विक्रमलाही चार पाय आणि सोनेरी अंगरखा आहे, तेव्हा त्यांची चूक नव्हती. शिडी दाखवली की ते थबकत. खालच्या मजल्यावरचे काका मात्र थबकणारे नव्हेत. त्यांनी सोबत स्वतःचे भिंग आणले होते. रविवार होता, मी मसालेभात केला होता, म्हणून त्यांना जेवायलाच थांबवून घेतले. पान वाढेपर्यंत त्यांनी यानाची तपासणी केली.

‘‘वहिनी, शिडी अपुरी आहे. खालपर्यंत पोचत नाही.’’

मी सांगितले की पायांच्या आत ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, धक्क्याने ती दबून पाय आखूड होतील असे गृहीत धरले होते, परंतु आर्मस्ट्राँगने यान इतके अलगद टेकवले की पाय फारसे दबलेच नाहीत आणि शेवटची पायरी जमिनीपासून जवळजवळ तीन फूट उंच राहिली.

‘‘म्हणजे मोजमाप त्यांचंच चुकलं,’’ काका म्हणाले आणि भिंग वर सरकवले. अंगठ्याच्या ठशापाशी ते जरा रेंगाळले, डिकल, म्हणजे वर चिकटवायचे छापील चित्र, तिरके बसल्याचे त्यांनी सांगितले, बेगड ‘बरी’ ठरवली. मग उजव्या कोपऱ्यातल्या इंजिनांपाशी भिंग स्थिरावले. माझा श्वास अडकला. त्यांनी चार तोंडांपैकी एकाकडे बोट केले, नेमक्या त्याच एकाकडे.

‘‘हे मात्र हुबेहूब जमलंय. बाकीची पंधरा प्लास्टिकची वाटतात.’’

मी मान खाली घालून मसालेभात वाढला, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर घातली, तूप वाढले. काकांनी दोन घास घेतले आणि समाधानाने मान डोलावली. तिसऱ्या घासाला ते थांबले, जिभेवरून काहीतरी हलकेच काढले आणि ताटाच्या कडेला ठेवून त्याच्यावर भिंग धरले. काळपट तपकिरी, तीन मिलिमीटर.

‘‘भात उत्तम आहे, वहिनी,’’ काका म्हणाले, ‘‘पण लवंग कच्ची राहिली.’’

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई, समोर निवडायच्या तांदळाचे ताट घेऊन, ‘‘दाखवा बघू’’ म्हणत चष्मा शोधू लागल्या.