मावशीच्या गाठीचा तिच्या रागाशी काही संबंध नाही

'कॅन्सर शरीरात नाही, मनात होतो! विचार बदला, पेशी बदलतील.' खाली पाच-सहा मुद्दे, गुलाबाची फुलं, जोडलेले हात. एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसते. हा मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवरून मावशीपर्यंत पोचला. तिच्या स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट नुकताच आलाय. तिने फोन करून मला विचारलं, "मी एवढा कुणाचा राग धरला असेन गं?"

तर त्या रागापासूनच सुरुवात करू. मेसेज म्हणतो, 'दाबून ठेवलेला राग आणि न केलेली क्षमा यांचीच गाठ होते.' ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. हान्स आयसेंक हे लंडनचे बडे मानसशास्त्रज्ञ. रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्यासोबत त्यांनी दावा केला होता की अमुक स्वभावाच्या माणसांना कॅन्सर गाठतो, आणि स्वभावाचा हा धोका सिगारेटपेक्षाही मोठा. आयसेंक यांच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचा पैसा होता, म्हणजे हा निष्कर्ष कुणाच्या सोयीचा ते उघड आहे. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने या जोडीचे २६ शोधनिबंध विश्वास ठेवण्याजोगे नाहीत असं ठरवलं. संशोधन निकालात निघालं, फॉरवर्ड मात्र चालूच.

आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर होतात ते तंबाखू, गुटखा, मिश्रीने. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि तुमचं जावेशी पटतं की नाही याची चौकशी तो विषाणू करत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये वय, आनुवंशिकता, हार्मोन्स अशी कारणं असतात, आणि एखाद्या बाईला तो नेमका का झाला हे बरेचदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ही पोकळी सहन होत नाही म्हणून माणसं तिथे दोष भरतात, आणि तो पडतो आजारी बाईच्याच पदरात. जन्मभर सगळ्यांचं करून थकलेल्या बाईला सांगायचं की बाई, तुझंच मन साफ नव्हतं. पाठवणाऱ्या मामांचा हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे. पण त्याने माझा राग कमी होत नाही.

पुढचा मुद्दा, 'सकारात्मक रुग्ण जास्त जगतात.' हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे वैद्यकीय चाचण्यांतले रुग्ण, त्यामुळे उपचार ठरलेले आणि नोंदी नीट. मनाची अवस्था सुरुवातीलाच प्रश्नावलीने नोंदवलेली. अभ्यासाच्या काळात ६४६ जण गेले. मन प्रसन्न असण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध काही सापडला नाही. गटागटाने वेगळं करून पाहिलं, तरी नाही. आपल्याला तसं वाटतं, कारण व्यासपीठावर येऊन बोलतात ते वाचलेले. जे गेले त्यांच्यातही हसतमुख माणसं होतीच, पण त्यांची मुलाखत कोण घेणार?

आता अर्धं सत्य, नाइलाजाने. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ५७८ स्त्रियांच्या पाहणीत 'लढाऊ बाण्या'चा आयुष्याला फायदा दिसला नाही, पण ज्या पार हताश झाल्या होत्या त्यांच्यात आजार उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण काहीसं जास्त होतं. आणि कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात गटात बसून मन मोकळं करणाऱ्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण त्रास आणि वेदना कमी जाणवल्या. हे थोडं नाही. विचारांची दिशा बदलून दुखणं सोसणं सोपं होत असेल तर जरूर बदलावी. त्यासाठी समुपदेशक आहेत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या आहेत. 'रडू नकोस, पॉझिटिव्ह राहा' असं दटावणं हा त्यातला उपचार नव्हे.

'२१ दिवसांत सगळ्या पेशी नव्या होतात' हे धादांत खोटं. रक्तातल्या तांबड्या पेशीच सुमारे १२० दिवस टिकतात. आणि पेशी आवरेनाशा वाढत राहणं हाच तर कॅन्सर! मेसेजमधला पाण्याशी गोड बोलायचा मुद्दा मी सोडून देते.

शेवटची ओळ मात्र सोडता येत नाही: 'आधी मन, मग औषध. घाई नको.' २०१८ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना उपचार घेणाऱ्यांशी केली. फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

मावशीची किमो सोमवारी सुरू होतेय. ती घाबरलेली आहे आणि सगळ्यांवर खेकसतेय. डॉक्टरांनी तिला राग सोडायला सांगितलेलं नाही, ताप १००.४ च्या वर गेला तर मध्यरात्रीसुद्धा फोन करायला सांगितलंय.