'शुद्ध बोला, सगळं नीट होईल' या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग तोच ऑफिसच्या ग्रुपवर, मग बिल्डिंगच्या, म्हणजे लईच फिरलाय. त्यात म्हटलंय की समोर कोण आहे बघून माणूस भाषा, लहेजा, वागणं बदलतो त्याला कोड-स्विचिंग म्हणतात, आणि त्याचा अल्पसंख्याकांना त्रास होतो हे अमेरिकेतनं आलेलं फॅड आहे. सगळेच बदलतात, त्यात कसला अन्याय. उलट हे स्किल आहे, फायदाच होतो. शुद्ध बोलायला शिकलात की भेदभाव आपोआप थांबतो. आणि घरात काय बोलायचं ते बोला की, कुणी अडवलंय? खाली नुसते अंगठे. मी गप्पच बसणार होते, पण दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

मी कोल्हापूरची, मुसलमान. घरात दखनी, म्हणजे इकडच्या मुसलमानांची उर्दूसारखी बोली, गल्लीत कोल्हापुरी, ऑफिसात पुस्तकातली मराठी, वरच्या साहेबांच्या कॉलवर इंग्लिश. चारही येतात आणि चारहीवर माझा जीव आहे.

पहिलं ते अमेरिकेचं फॅड. या विषयावर तिथं भरपूर काम झालंय हे खरं, तिथल्या काळ्या लोकांनी हे भोगलंय आणि लिहिलंय. पण आपल्या शेजारीच, सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांचा पेपर 1971 साली छापून आला, गावाचं नाव त्यात 'कुपवार' असं दिलंय. जैनांची कन्नड, मुसलमानांची उर्दू, शिवाय मराठी आणि तेलुगू, आणि तीन-चारशे वर्षं शेजारी राहून, रोज एकीतनं दुसरीत जाऊन या भाषांचं व्याकरण जवळजवळ एक झालेलं. तिथल्या उर्दूतलंच एक वाक्य त्यात आहे, 'पाला जरा काट के ले के आया'. हे मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', शब्दाला शब्द ठेवा, बसतंय. हे वाचलं तेव्हा मला आमची दादी आठवली, ती अगदी असंच बोलायची आणि उर्दू शिकलेले पाहुणे तिला हसायचे. म्हणजे भाषा बदलत राहणं आपल्या मातीत जुनंच आहे, आणि नुसतं बदलण्याबद्दल माझी तक्रारच नाही. एक भाषा लपवून ठेवावी लागते, त्याबद्दल आहे.

म्हणूनच 'सगळेच बदलतात' हे मला पटत नाही. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, पुण्यात हॉस्टेलवर गेलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी हसतं, 'आलो नाही गं, आले'. मी आणि माझी कोल्हापुरातल्याच पेठेतली हिंदू मैत्रीण दोघी यातनं गेलोय, दोघींनाही लागलं. पण ती सुट्टीला परत आली की स्टँडवर उतरल्या उतरल्या मोठ्यानं कोल्हापुरी बोलायला मोकळी. आता तर तिच्या बोलीचे रील चालतात, 'नाद खुळा' लिहिलेले टी-शर्ट विकतात. माझी कोल्हापुरीही तशीच मोकळी झाली, दखनी मात्र नाही झाली. मैत्रिणीला लहेजा झाकायचा होता, मला मी कोण आहे तेच झाकावं लागतं.

ऑफिसच्या लिफ्टमध्ये फोन वाजतो. मोबाईलवर नाव येतं 'आई'. ती माझी अम्मी असते, सेव्ह मीच केलंय तसं. मी उचलते आणि 'हां... हो... नंतर करते' एवढंच बोलते. ती पलीकडनं विचारते, 'कायकू गे, तबेत बरी नै क्या?' कारण लेक सलाम न करता परक्यासारखी मराठीत बोलली की आईला दुसरं काय वाटणार. मग मी जिन्यात जाऊन परत फोन लावते आणि तिथं नीट बोलते. आमच्याच मजल्यावरचा एक दलित सहकारी घरच्या फोनला 'जय भीम' म्हणायला त्याच जिन्यात येतो. आम्ही एकमेकांना तिथं कितीतरी वेळा बघितलंय, त्यावर बोललो मात्र कधीच नाही.

7 जून 2023 ला कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या औरंगजेबाच्या स्टेटसवरनं जे झालं, बंद, दगडफेक, नेट बंद, त्यानंतर अम्मीच म्हणाली की बसमध्ये आपल्या बोलीत फोन घेत जाऊ नको. पेठेतल्या मैत्रिणीला तिच्या आईनं असं कधी सांगितलं नसेल, सांगायची वेळच आली नसेल.

स्किल आहे, फायदा होतो, हे अर्धं खरं आहे. नोकरी टिकते, बढती मिळते, मलाही मिळाली. 2019 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांबद्दल एक लेख आला होता, त्यातही फायदा कबूल केलाय, पण किंमतही लिहिलीय: डोक्याची ताकद त्यातच खर्च होते, कामावर परिणाम होतो, आणि आपलीच माणसं म्हणतात ही बदलली. मीटिंगमध्ये मी वाक्य आधी मनात जुळवते, कुठं दखनीतलं 'नक्को' निसटणार नाही ना, 'हौ' निसटणार नाही ना, तोवर विषय पुढं गेलेला असतो आणि माझा मुद्दा दुसरंच कुणीतरी मांडतं. आणि मोहल्ल्यात गेलं की चुलत बहिणी म्हणतात, लई साहेबीण झालीस. दोन्हीकडनं थोडी थोडी कापली जाते माणूस.

सगळ्यात घातक मला चौथा मुद्दा वाटतो, शुद्ध बोललं की भेदभाव थांबतो म्हणे. लग्नानंतर आम्ही भाड्यानं घर बघत होतो. फोनवर घरमालक काकू लई गोड बोलल्या, पाण्याची वेळ, पार्किंग, 'तुमच्यासारखी चांगली माणसंच हवीत आम्हाला'. पाच-सहा मिनिटं झाली. मग 'नाव काय म्हणालात?' मी सांगितलं. गप्प. मग 'बघते हां, ह्यांना विचारून सांगते'. सांगितलं नाही कधीच. माझ्या मराठीत काही कमी होतं का? उलट ती इतकी बरोबर होती की नाव ऐकेपर्यंत त्यांना पत्ताच लागला नाही. 

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी जाहिराती बघून खासगी नोकऱ्यांना अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, फक्त नाव वेगळं, आणि 2007 साली निष्कर्ष छापला: सवर्ण हिंदू नावाला 1 धरलं तर पुढं बोलावणं येण्याचं गुणोत्तर दलित नावाला 0.67, मुस्लिम नावाला 0.33. त्या कागदावर कुणाचा उच्चार ऐकू येत होता?

आणि शिकायचं नेहमी बोलणाऱ्यानंच का, ऐकणाऱ्यानं का नाही? फिलाडेल्फियात कोर्टाचं बोलणं टिपून घेणाऱ्या लोकांची चाचणी घेतली, 2019 चा अभ्यास आहे. त्यांना 95 टक्के अचूकतेचं सर्टिफिकेट लागतं, पण काळ्या लोकांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली तर पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं 60 टक्केही नाहीत. कोर्टात चुकीचं वाक्य नोंदलं गेलं तर एखाद्याचं आयुष्य जातं, आणि तिथं अशुद्ध कोण ठरतो, बोलणाराच.

राहिलं घरात कोण अडवतंय ते. कुणी येऊन अडवत नाही, बरोबर. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. अम्मी त्याला विचारते, 'भूक लगी क्या रे? चपाती देऊं?' तो सगळं समजतो आणि मराठीत सांगतो, 'नको, नंतर'. एकदा मी म्हटलं, नानीशी आपल्या बोलीत बोल की. तर म्हणाला, 'तू पण बाहेर नाही बोलत.' लिफ्टमध्ये तो माझ्याबरोबर असतो कधी कधी, फोन येतो, बघत असतो. त्याला हे शिकव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, मी रोज करून दाखवत होते. ऑफिसातली भाषा ऑफिसात ठेवून घरी येता येतं असं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटत असेल, पण पोरं आपण काय सांगतो त्याच्यापेक्षा कुठं आवाज खाली करतो ते आधी शिकतात.