हिरवा ठिपका

आज डोकं फिरलंय, त्यामुळं जरा लांबतंय. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा.

मी शेतीच्या औषधांच्या कंपनीत सेल्सला आहे. तर झालं असं की सकाळी 11 वाजता आमची ऑनलाइन डीलर मीट होती, म्हणजे आमचा माल विकणाऱ्या दुकानदारांची मीटिंग, टीम्स अ‍ॅपवर. द्राक्षाच्या ऐन छाटणीच्या दिवसात. म्हणजे अख्खा तासगाव, मिरज पूर्व, कवठेमहांकाळ पट्टा बागेत उभा, त्यात परवाच्या पावसानं जिथं तिथं डावणीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) बोंब, दुकानासमोर मोटरसायकलींची रांग, आणि आम्ही डीलरला म्हणतोय दीड तास मोबाईलसमोर बसा, साहेब स्लाइड दाखवणार आहेत. बरं तेही एकवेळ चाललं असतं. संध्याकाळी आमच्या साहेबांनी ग्रुपवर हजेरीचा रिपोर्ट टाकला. ते टीम्स आपोआप काढतं ना, कोण किती वाजता आला, किती वाजता गेला. त्यात एका ओळीवर लाल गोल करून मला टॅग केलं. तुमचा नंबर एकचा डीलर, जॉइन 11:04, लेफ्ट 11:19. 'पंधरा मिनिटं? व्हॉट इज धिस?' सगळ्यांसमोर. खाली दोघांनी अंगठे पण दिले, ते मी लक्षात ठेवलंय.

तो डीलर म्हणजे नाना. गाव सांगत नाही, तासगाव तालुक्यात आहे एवढं पुरे.

नानांचं आणि माझं 2011 पासूनचं. मी नवीन नवीन लागलेलो, बॅगेत लीफलेट आणि सॅम्पलच्या बाटल्या, टार्गेट डोक्यावर. त्यांच्या दुकानाबाहेर पत्र्याखाली एक लाकडी बाकडं आहे. पहिल्या दिवशी तीन तास त्यावर बसलो, नानांनी वर मान करून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी, "कुठला रं तू?" म्हटलं पलूसचा. "पलूसचा म्हंजे कुणाचा?" मग आजोळ कुठलं, मामा काय करतो, ऊस किती, सगळं काढलं आणि शेवटी कुठल्या तरी लग्नातली ओळख निघालीच. मालाचं नाव नाही, नुसता कट चहा. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दुसऱ्या कंपनीचं औषध मागायला आला तर नाना त्याला म्हणाले, "ह्या पोराचं घिऊन बग, न्हाय चाललं तर पैसं माझ्याकडनं ने." मला दरदरून घाम. औषध चाललं. मग दहा पेट्यांची पहिली ऑर्डर, वहीच्या फाडलेल्या पानावर.

आता मला सांगा हे तीन दिवस कुठल्या कॅलेंडर इनव्हाइटमध्ये बसवू?

आणि कुणी म्हणू नका की हा नव्या गोष्टींच्या विरोधात आहे. मी दोन फोन वापरतो, रिपोर्ट वेळेत भरतो, आणि मान्य आहे, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्याच व्हिडीओ मीटिंगवर आमचं घर चाललं. आठवतंय ना, मार्चअखेरीला सगळं ठप्प, मार्केटला जायची द्राक्षं बागेतच, लोकांनी नाइलाजानं बेदाणा केला, त्यासाठी द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलला मागणी आणि वाहतूक बंद. तेव्हा झूमवर बोलून बोलून कुठं माल शिल्लक आहे ते शोधलं आणि एका दुकानातला दुसऱ्याला फिरवला. तेही फुकटचं झूम, चाळीस मिनिटं झाली की आपोआप बंद. खरं सांगू, तेवढ्या चांगल्या मीटिंगा परत झाल्या नाहीत, कारण मिनिटं संपायच्या आत माणूस मुद्द्याचं बोलायचा. आणि आता दर महिन्याला पहाटे चारला उठून पुण्याला जावं लागत नाही, हेही आहे. मान्य. पुढं.

माझा राग त्या अ‍ॅपवर नाहीच. राग आहे त्या हिरव्या ठिपक्याच्या भक्तांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुमच्या फोटोला एक ठिपका असतो. काम चालू असलं की हिरवा, पाच मिनिटं कॉम्प्युटरला हात लावला नाही की पिवळा. मोबाईलवर अ‍ॅप मागं गेलं तरी पिवळा. म्हणजे मी सांगलीतनं निघालो, कवलापूर, कुमठे फाटा करत तासगावला पोचलो, फोन खिशात, मी पिवळा. दुकानात बाकड्यावर बसून वसुलीचं बोलतोय, पिवळा. बागेत चिखलात उभा राहून पानं उलटी करून बघतोय, पिवळा. आणि घरी लुंगीवर बसून माऊस हलवत राहिलो की हिरवागार! सेल्सच्या माणसाचा ठिपका दिवसभर हिरवा असेल तर खरं म्हणजे त्याला नोटीस द्यायला पाहिजे. आणि आमच्याकडं दुपारी मेसेज येतो, 'यू वेअर अवे सिन्स 12:10'. अरे अवेच असणार की, त्याचाच पगार घेतो मी.

आमच्यातला एकजण आता उसाच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली तरी फोन काढून ठिपका हिरवा करून घेतो. हसू नका, मी पण केलंय.

बाकड्यावरनं काय दिसतं ते ज्यानं बाकडं झिजवलंय त्यालाच कळतं. कुठल्या कंपनीच्या पेट्यांवर धूळ बसलीय. कोण रोखीनं नेतोय, कोणाचं वहीत लिहून ठेवतायत. समोरच्या कंपनीचा माल एक्सपायरीला आलाय का. डीलर फोनवर 'संपलंय' म्हणतो आणि मागं गोडाऊनमध्ये आपल्याच चाळीस पेट्या पडून, किंवा उलटं, 'भरपूर आहे' म्हणतो आणि रॅक रिकामा, म्हणजे गडी आपल्यावर नाराज आहे. माल डीलरच्या गळ्यात मारणं वेगळं आणि शेतकऱ्यापर्यंत जाणं वेगळं, ते लिक्विडेशन लिक्विडेशन जे मीटिंगमध्ये घोकतात ते ह्या बाकड्यावरनं डोळ्यानं दिसतं.

आणि आज काय झालं माहितीय? नानांच्या नातवानं आजोबांना मोबाईल स्टुलावर उभा करून दिला. हुशार पोरगं, कॉलेजला आहे. मागं दुकानात पसारा, पेट्या, पोती, बरं दिसत नाही म्हणून त्यानं बॅकग्राउंड ब्लर करून टाकली. मला जेवढं बघायचं होतं नेमकं तेवढंच पुसलं त्या लेकरानं. नुसते नाना, टोपी घातलेले, चष्मा कपाळावर, आणि मागं धुकं. तेरा-चौदा वर्षं त्या रॅककडं बघून मी महिन्याचा अंदाज बांधत आलोय आणि आज धुकं.

साहेब म्हणाले, "नानाजी, यू आर ऑन म्यूट." नानाजी! त्यांना आयुष्यात कुणी नानाजी म्हटलं नसेल. नानांचे ओठ हलत होते. ते काहीतरी सांगत होते, हाताची दोन बोटं दाखवून. दोन काय? दोन पेट्या, दोन महिने, दोन लाख? साहेब म्हणाले "ओके, वी विल कम बॅक टू यू" आणि स्लाइड पुढं ढकलली. 11:19 ला नाना गेले. नंतर त्या एआयनं मीटिंगचा सारांश काढला, त्यात डीलरचे मुद्दे म्हणून दोन ओळी. नानांचं नावच नाही. म्यूटवरच्या माणसाचं काय लिहिणार ते तरी.

हे लिहिता लिहिता जरा शांत झालो, म्हणून साहेबांबद्दल पण लिहितो. माणूस वाईट नाही. दिवसाला सात-आठ कॉल त्याला वरचे लावतात, त्याचाही ठिपका कुणीतरी बघतंय. त्याला बाकडं मिळालंच नाही, थेट लॅपटॉप मिळाला. आणि एक गोष्ट त्याचीच आयडिया होती, मागच्या सीझनला बागेतनं व्हिडीओ कॉल लावून नाशिकच्या आमच्या तज्ज्ञाला पानाची खालची बाजू दाखवली, त्यानं दोन मिनिटात सांगितलं की ही डावणी नाही, हा औषधाचाच चट्टा आहे, फवारा थांबवा. शेतकऱ्याची एक फवारणी वाचली. तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या. पण ते कसंय, तिथं फोन बागेत गेला होता. आज बाग सोडून माणूस फोनमध्ये ओढला.

तरी पण तो लाल गोल नको होता. एक फोन करून विचारलं असतं तर?

मी केला फोन, सातच्या सुमारास. नाना म्हणाले, "आरं, तुझा सायेब बोलत हुता तवा एकजण आला, पोंगा अवस्थेत बाग आन् रात्रभर पाऊस. त्याला काय सांगू, मीटिंग चालू हाय, थांब? त्याची बाग थांबती व्हय?" म्हटलं बरोबर आहे, पोंगा म्हणजे नुकती निघालेली कोवळी फूट. मग त्यांनी विचारलं, "शेवटाला काय ठरलं रं?" आणि मी गप्प. दीड तास पूर्ण बसलेलो मी, कॅमेरा चालू, ठिपका हिरवा. काय ठरलं मलाच सांगता येईना. म्हटलं स्कीमचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो. टाकला, लगेच अंगठा आला.

मग म्हटलं नाना, ती दोन बोटं कसली होती?

"दोन क्रेडिट नोटा राहिल्यात की माझ्या, जूनपास्नं. तेवढंच सांगत हुतो. उद्या येतोयस न्हवं?"

क्रेडिट नोट म्हणजे कंपनीनं डीलरच्या खात्यात वळती करायची रक्कम, तिचा मेल मी अकाउंटला तीनदा केलाय. आत्ता उघडून बघितलं तर उत्तर आलंय, 'लेट्स कनेक्ट ऑन अ क्विक कॉल'. उद्या दुपारी तीनला लावलाय, कॅमेरा ऑन ठेवा म्हणे.