वराडकर आपले, मग १९९९ साली काय झालं होतं?

परदेशातल्या स्थलांतरितांच्या पोरांवरचा लेख पटला. तिथं त्यांचं काम बघायच्या आधी वंश बघतात, हे खरंच आहे. पण आपण काय वेगळं करतो? लिओ वराडकर डब्लिनला जन्मले, आई आयरिश, डॉक्टरकी तिथंच शिकले. २०१७ ला आयर्लंडचे पंतप्रधान झाल्यावर आपण वडलांकडून थेट मालवणच्या वराड गावाशी नातं सांगून मोकळे!

आणि १९९९ साली? सोनिया गांधींना इथं येऊन तीस वर्षं उलटली होती, १९८३ पासून नागरिकत्व होतं. तरी 'विदेशी मूळ' म्हणून काँग्रेस फुटली, शरद पवारांची राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, आमच्या सांगली-साताऱ्यात घराघरांत दोन तट पडले. त्याच ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेस राज्यातल्या सत्तेसाठी एकत्र आल्या, मुद्दा खुंटीला. (वराडकर तिथलेच जन्मलेले, सोनिया बाहेरून आलेल्या, हा फरक मान्य.)

आमच्या विटा-खानापूरचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला पार तमिळनाडू-केरळात गेलेत. त्यांची पोरं जत्रेला गावी आली की आपसात तमिळमध्ये भांडतात, आजी नुसती तोंडाकडं बघत बसते. उद्या त्यातलं कुणी तिथल्या नगरपालिकेत निवडून आलं, तर इकडं विट्याच्या चौकात फ्लेक्स लागणार, त्यावर निम्मे फोटो आपल्याच पुढाऱ्यांचे.

पण कुपवाड एमआयडीसीत राबणाऱ्या एखाद्या बिहारी कामगाराचा इथंच जन्मलेला पोरगा वॉर्डात उभा राहू दे. फ्लेक्स राहिला बाजूला, आधी त्याचं मतदारयादीतलं नाव तपासायला पळतील.