काडेन यांचं नाव सांगून सायलेन्सर कापायला लावणारा मेसेज

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपांतून फिरणारा एक मेसेज आमच्या घरातल्या पोरापर्यंत पोचला आणि त्याने गाडीचा सायलेन्सर मधोमध कापून घेतला. मेसेजचं म्हणणं असं: पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कारखान्यातल्या वॉल्टर काडेन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ रॉकेटचं तंत्र वापरून ‘मोकळा पाईप म्हणजे जादा ताकद’ हे एकट्याने सिद्ध केलं, सुझुकीने ते चोरलं, तेव्हा तुम्हीही पाईप मोकळा करा.

काडेन यांनी नेमकं उलटं केलं. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून जळका वायू बाहेर जायची वाट) उघडला की दाबाची लाट पाईपमधून धावते. पुढचा रुंदावत जाणारा शंकू सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेतो. मागचा निमुळता शंकू तीच लाट उलटी फिरवतो आणि पाईपमध्ये निसटलेलं ताजं मिक्श्चर (पेट्रोल आणि हवा), पोर्ट मिटायच्या आत, परत सिलिंडरमध्ये ढकलतो. पाईप कापला की परत ढकलणारं काही उरतच नाही. मिक्श्चर बाहेर जातं, पेट्रोल वाया जातं, आवाज तेवढा वाढतो. आवाज म्हणजे ताकद नव्हे!

गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३ च्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगच्या पुस्तकात याचं साधं सूत्र आहे. इंजिनाच्या एका फेरीत पोर्ट जितके अंश उघडा राहतो त्याला १७०० ने गुणा (लाटेचा वेग, फूट प्रतिसेकंद) आणि आरपीएमने (मिनिटाला इंजिनाचे फेरे) भागा. पिस्टनपासून मागच्या शंकूपर्यंतचं अंतर इंचांत मिळतं. १९० अंश आणि १०,८०० आरपीएम धरले तर ते सुमारे ३० इंच येतं, ७,००० ला ४६. म्हणजे रेसचा पाईप रस्त्यावरच्या गाडीला तसाच लावूनही भागत नाही, मग कापलेल्या पाईपची काय कथा. शिवाय कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) मूळ पाईपला जुळवलेला असतो. पाईप बदलून मिक्श्चर लीन झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) की पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, कधी माथ्याला भोकच पडतं. पाईप बदलायचाच असेल तर मेन जेट आधी मोठा टाका. फुल थ्रॉटलवर गाडी ओढा, क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढरा पडला असेल तर लीन, कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. जेट लहान करायचा तो एकेक पायरीने.

रॉकेटचं म्हणाल तर काडेन युद्धकाळात हेन्शेल कंपनीत हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली होते, एचएस २९३ या रेडिओने चालवायच्या बाँबवर. व्ही-२ शी त्याचा संबंध नाही.

‘एकट्याने’ हेही खोटं. रोटरी डिस्क व्हॉल्व्ह (मिक्श्चर आत घेणारी फिरती चकती) डानिएल त्सिमरमान यांच्या रेसरवर आधीच होता, आणि असा शंकूंचा पाईप एरिक वोल्फ यांच्या डीकेडब्ल्यू मोटरसायकलवर. काडेन यांनी हे दोन्ही एकत्र आणलं, तिसरा ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिक्श्चर सिलिंडरमध्ये आणणारी वाट) जोडला आणि १९६१ मध्ये १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली, लिटरला २०० या हिशेबाने. हे श्रेय त्यांचंच.

सुझुकीची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, ती मान्य करावी लागते. एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, एमझेडचं ज्ञान घेऊन जपानमध्ये सुझुकीच्या हामामात्सूला गेला आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळवून दिलं. पण सुझुकी १९६० पासूनच आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरत होती, आणि १९६३ मध्ये ५० आणि १२५ ही दोन्ही जेतेपदं तिच्याच गाड्यांवर ह्यू अँडरसनने जिंकली.